केसांचा शनिवार

गुड फ्रायडेच्या सकाळी लेविना फॉर्तेन बंबासमोर पालथ्या घातलेल्या मासळीच्या खोक्यावर बसली होती आणि बंब थंडगार होता. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. एरवी या दिवशी, या वेळेला तिच्या तोंडावर राख असायची, डोळे लाल झालेले असायचे आणि न्हाणीघरासमोरच्या रांगेतून कोणीतरी ओरडत असायचं की आंटी, अजून दोन लाकडं घाल. आज तिचा एप्रन इस्त्रीचा होता. काम करणाऱ्या बाईला इस्त्रीच्या एप्रनात नुसतं बसवून ठेवणं म्हणजे काय, हे तिला या उन्हाळ्यात कळलं होतं.

बंब म्हणजे बंद पडलेल्या मासळी-कारखान्यातून आणलेली हजार लिटरची लोखंडी टाकी. विटांच्या चौथऱ्यावर आडवी टाकलेली, खाली जाळाला तोंड, मागे धुरांडं. छावणीचं सगळं पाणी पाठीवर वाहतो म्हणून रीटमोंडला त्याला सगळे गाढव म्हणत. तिथं खाडीच्या तोंडाशी सुट्टीची छावणी असे, वाळूत तीस-चाळीस तंबू पडत, डिसेंबरच्या, म्हणजे तिथल्या भर उन्हाळ्यातल्या, मोठ्या सुट्टीत आणि मग पुन्हा ईस्टरला. माणसं सगळी डोंगरापलीकडच्या एकाच मिशनच्या गावची. तंबूंच्या जागा आजोबा-पणजोबांपासून ठरलेल्या, आणि कोणाचा दोर कोणाच्या खुंटीवरून गेला यावरून दरवर्षी दोन घरांचं बोलणं बंद व्हायचं. गरम पाणी कोण देणार यावरून मात्र कधी भांडण झालं नव्हतं. ते लेविना देई.

या डिसेंबरपासून ते सूर्य देऊ लागला होता.

न्हाणीघराच्या पत्र्यावर काळ्या काचेच्या आठ पेट्या, तिथला सूर्य उत्तरेकडून जातो म्हणून उत्तरेकडे तोंड करून, ओळीनं बसवल्या होत्या. त्यांच्यामागे दोन पांढऱ्या गुबगुबीत टाक्या. आणि त्यांच्यामध्ये, फडक्यानं काच पुसत, डेलानो पेकर. चौतीस वर्षांचा, केपटाऊनला कॉलेज केलेला, कंबरेला पान्यांचा पट्टा. काच पुसायची गरज नव्हती. लेविनाला दिसावं म्हणून पुसत होता.

"आंटी लेविना," तो वरून म्हणाला, "तिथं बसून त्याला धीर देताय का?"

"तो बावीस वर्षं दमला नाही," लेविना म्हणाली. "तुझं बघ. ढग आला की तुझं डोकं दुखतं."

दोघांच्या भांडणाचं मूळ या पेट्यांत नव्हतं. लेविनाच्या आधी हा बंब डेलानोची आई, सोफी पेकर, पेटवायची. त्या काळी ओली लाकडं यायची. रोइक्रान्सची, आपल्या बाभळीच्याच भावकीतली, वाळली तर सोन्यासारखी जळणारी, पण ओली असली की डोळे फोडणारी. सोफी दोन हिवाळे खोकली. तिसऱ्या उन्हाळ्यात तिला ओंडका उचलवेना, तेव्हा कमिटीनं काम लेविनाला दिलं. सोफी त्यानंतर सात महिने जगली. बापानं बारा वर्षांच्या डेलानोला उचलून केपटाऊनला नेलं, आणि पोरगा जाताना बरोबर एक वाक्य घेऊन गेला: आई जिवंत असतानाच तिच्या हातातला जाळ लेविना आंटीनं काढून घेतला. ते वाक्य बावीस वर्षं त्याच्याबरोबर वाढलं. आता ते पान्यांचा पट्टा लावून परत आलं होतं.

डिसेंबरात त्याच्या पाण्यानं धमाल केली होती. लांब दिवस, रखरखीत ऊन, संध्याकाळी खारट अंगानं समुद्रातून येणारी पोरं. साखळी ओढली की पाणी वाफाळतच पडायचं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांच्या घरातल्या तीन-तीन पिढ्यांना लेविनानं अंघोळीचं पाणी तापवून दिलं त्यांनीच वाजवल्या, हे तिनं बरोबर लक्षात ठेवलं. कमिटीचे अध्यक्ष ब्रदर जुलीस तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते की सिस्टर लेविना, ईस्टरलाही एकसुद्धा तक्रार आली नाही, तर सोमवारच्या बैठकीत बंब पाडायचं ठरवू; त्याच्या विटांत मासे भाजायला छान कट्टा होईल. साफसफाईला नगरपालिकेची माणसं येतीलच. म्हणजे लेविना लागणार नाही, हे त्यांनी तोंडानं म्हटलं नाही. खांद्यावरचा हात मात्र जरा जास्त वेळ ठेवला.

डिसेंबरची सुट्टी आणि ईस्टर एवढंच तिचं काम. पण गावात तिचा आणि पायानं अधू असलेल्या बहिणीचा सबंध हिवाळा त्याच्यावर निघे. आणि काम गेलं तर पुढच्या डिसेंबरात ती कोण म्हणून इथं येणार होती? तिचा स्वतःचा तंबू नव्हता. बंबामागची पत्र्याची खोली हाच तिचा तंबू.

डेलानो शिडीवरून खाली आला, बंबाकडून न्हाणीघराकडे जाणाऱ्या नळापाशी बसला आणि पान्यानं तो नळ उघडायचं लोखंडी चाक काढून खिशात घातलं.

"सोमवारपर्यंत," तो म्हणाला. "कोणाला मदत करायची हुक्की यायला नको. कसोटी चोख झाली पाहिजे."

"तुझ्या कसोटीत मी कशाला नाक खुपसू? मला तेवढंच काम आहे का?"

"तुम्हाला सध्या काहीच काम नाही, आंटी."

लेविनानं एप्रनवरची नसलेली राख झटकली.

मग त्यानं वही काढली. ते त्याला जड जात होतं, ती पाहत होती. छावणीत कोण कधी काय करतं हे विचारायला दुसरं माणूस नव्हतं. त्यानं विचारलं, रविवारी पहाटे किती जण अंघोळ करतील. ती म्हणाली, सगळे; एकशे तीस. ईस्टरची प्रार्थना सूर्य उगवताना गावच्या कबरस्तानात होते, बॅंड वाजतो, पारोसं कोणी जात नाही. हे त्यालाही आठवत होतं. त्यानं आकडे मांडले. शनिवारी ऊन पडणार होतं, टाक्या अठ्ठावन्न अंशांवर जातील, रात्रीत चार-पाच अंश उतरतील, गार पाणी मिसळून एकशे तीस माणसांना पुरतील, पण आदल्या संध्याकाळी कोणी हात घातला नाही तर.

"शनिवारी संध्याकाळी किती जण अंघोळ करतात?"

लेविनानं त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या जबड्याची ठेवण सोफीची होती, ही त्याची आणखी एक आगळीक.

"शनिवारी कोणी अंघोळ करत नाही," ती म्हणाली. "पहाटे करायची असते ना."

त्यानं शून्य लिहिलं आणि त्याभोवती गोल काढला.

हे खोटं नव्हतं. अक्षर न् अक्षर खरं होतं. पुढचं तिला कोणी विचारलं नाही आणि तिनं तोंडात मिठाची गुळणी धरली. त्या दुपारी तंबूतंबूंतून हळद-व्हिनेगरात मुरलेला मासा आणि गोड पाव तिच्या खोलीत आला, तो तिनं भरपेट खाल्ला. कित्येक दिवसांनी तिला भूक लागली होती.

शनिवारी दुपारी चार वाजता पहिल्या बायका निघाल्या. खांद्यावर टॉवेल, बगलेत प्लास्टिकचं घमेलं, हातात शाम्पूच्या बाटल्या, रोलरांनी भरलेल्या पिशव्या, आणि गळ्यात पायातले जुने लांब मोजे कापून केलेल्या टोप्या. साडेचारला रांग न्हाणीघराच्या कोपऱ्यावरून वळली. पाचला ती फ्रेडरिक्स मंडळींच्या तंबूपर्यंत गेली. साठ-पासष्ट बायका-मुली, सत्तरीच्या आंटी वेरोनिकापासून आईच्या कडेवरच्या पोरीपर्यंत.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी केस धुतले नाहीत अशी एक बाई त्या गावात सापडायची नाही. खारं पाणी, वाळू आणि चुलीचा वास आठवडाभर त्या केसांत राहिलेला असतो. ते एकदा धुवून भागत नाही. एकदा मीठ काढायला, एकदा फेस यायला, एकदा फेस जायला. मग ते जाड कंडिशनर, आणि मग ते काढायला पुन्हा पाणी, तेही गरमच, नाहीतर ते चिकटून बसतं. मग रोलर लावायचे, वाळवायचे, विंचरून डोक्याभोवती गुंडाळायचे, वर मोज्याची टोपी ताणून चढवायची आणि तसंच झोपायचं. सकाळी टोपी काढली की केस सरळ आणि चकचकीत. अंघोळ कोणी करत नव्हतं. बायका कपड्यांतच होत्या, नुसतं डोकं नळाखाली.

लेविना खोक्यावर बसून मोजत होती. अर्ध्या घागरीत एकही डोकं भागत नव्हतं. दोन-दोन घागरी सहज. आत हसणं, ओरडणं, कोणाच्या तरी डोळ्यांत शाम्पू, कोणाच्या तरी नवऱ्याची निंदा. आंटी वेरोनिका मोज्याची टोपी घालून बाहेर आली आणि म्हणाली की काय पाणी आहे, लेविना, देवदूतांनी तापवलेलं. लेविना म्हणाली, घे ना आंटी, हवं तेवढं घे, आज सूर्य उदार आहे.

डेलानो तेव्हा गावात होता. कबरस्तानाच्या वाटेवर बाकं मांडायला त्याला ब्रदर जुलीसनी नेलं होतं. सहा वाजता ट्रकमधून उतरला तर छावणीभर मोज्याच्या टोप्या. हसला. दोन बायकांना म्हणाला की आंटी, बॅंक लुटायला निघालात की काय. तरी त्याच्या डोक्यात काही पेटलं नाही. हे लेविनानं पाहिलं आणि तिला आनंद व्हायला हवा होता तेवढा झाला नाही. त्या गावातल्या कोणत्याही पुरुषाच्या, अगदी मठ्ठ डोक्याच्या पुरुषाच्याही, हे ध्यानात आलं असतं. शनिवारी संध्याकाळी बायकोचं, आईचं, बहिणीचं डोकं मोज्यात पाहत ते मोठे झालेले. डेलानोचं ते पाहणं बाराव्या वर्षी थांबलं होतं.

तो सवयीनं शिडी चढला, टाकीवरच्या काट्याकडे पाहिलं आणि तिथंच गुडघ्यावर बसला. काटा तेवीसवर होता.

तो खाली आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. बायका पांगल्या होत्या.

"तुम्ही म्हणालात शनिवारी कोणी अंघोळ करत नाही."

"केली का कोणी?" लेविना म्हणाली. "विचार हवं तर. केस धुतले सगळ्यांनी."

"तुम्हाला माहीत होतं."

"मला बावीस वर्षं माहीत आहे. बंब असताना शनिवारी दोनदा तापवायचे, दुपारी केसांचं आणि पहाटे अंघोळीचं. तुझा सूर्य पहाटे कुठं असतो, ते तू बघ."

"एक शब्द सांगायला काय झालं होतं?"

"तू शिकलेला माणूस. वही आहे तुझ्याकडे." आणि मग, थांबायला हवं होतं तिथं न थांबता, ती म्हणाली, "घरात एखादी बाई असती तर हे विचारावंच लागलं नसतं तुला."

तोंडातून गेल्यावर तिला कळलं की काय गेलं. डेलानो बंबाकडे वळला.

"होती," तो म्हणाला. "तुमच्या या गाढवानं खाल्ली." आणि तो गेला.

लेविना बसून राहिली. तिला चार महिने हेच हवं होतं. रविवारी पहाटे न्हाणीघरातून एकशे तीस किंकाळ्या, ब्रदर जुलीस दात वाजवत टॉवेलात बाहेर, आणि सोमवारी कोणी कट्ट्याच्या विटांचं नाव काढणार नाही. हे तिनं इतक्या वेळा मनात रंगवलं होतं की त्याच्या कडा झिजल्या होत्या.

अंधार पडायच्या जरा आधी ऊम आपोल्स काठी टेकत आले. सगळ्या गावाचे काका, एकोणऐंशी वर्षांचे, बॅंडचे प्रमुख. तुतारी अजून स्वतः वाजवत. गेल्या हिवाळ्यात छातीत कफ साठून पंधरा दिवस दवाखान्यात होते. दरवर्षी ते येत आणि तेच म्हणत.

"लेविना, उद्याचं पहिलं पाणी माझं."

"बंब बंद आहे, ऊम. आता पेकरच्या पोराकडे मागा."

"त्याच्याकडे कशाला? मी तुझ्याकडे मागतो." त्यांना खोकला आला, तो बराच वेळ गेला नाही. "साडेचारला येतो. छाती मोकळी झाल्याशिवाय वरचा सूर लागत नाही मला."

ते गेले. लेविना त्यांच्या पाठीकडे बघत मनातल्या मनात त्यांना, डेलानोला, सूर्याला आणि स्वतःला शिव्या देत राहिली. मग उठली आणि खोलीमागून वाळकी लाकडं ओढायला लागली. ती तिनं टाकून दिलेली नव्हतीच.

पहाटे तीनला जाळ धरला. खाडीवरून धुकं आलं होतं, दाट, मीठ लागलेलं. चाक डेलानोच्या खिशात असल्यामुळं पाणी न्हाणीघरापर्यंत जाणार नव्हतं, पण बंबाच्या पोटाखाली एक तोटी होती. तिच्यातून बादल्या भरता येत. ऊम आपोल्सना दोन बादल्या. बस्स. बाकीच्यांनी आपल्या सूर्याला विचारावं. असा तिचा हिशेब पक्का झाला होता, आणि तो तिला वाईट वाटत नव्हता.

साडेचारला ऊम आले, बादल्या घेतल्या, तोटीतलं पाणी सुरुवातीला गंजानं लालसर आलं ते पाहून हसले. "हे खरं पाणी," म्हणाले, आणि आत गेले.

तेव्हा तिला धुक्यात डेलानो दिसला. किती वेळ उभा होता कोण जाणे. कालचेच कपडे होते. धुराच्या वाटेत उभा राहून खोकत होता.

"वाऱ्याच्या या बाजूला ये," लेविना म्हणाली. "आणखी एक पेकर माझ्या नावावर नको."

तो या बाजूला आला. जाळाकडे बघत म्हणाला, "एकट्या ऊमना देणार?"

"बाकीच्यांचं पाणी तुझ्याकडे आहे."

"तेवीस अंश आहे. आता वीस असेल."

"मग ताजेतवाने होतील."

दूर एका तंबूत कंदील लागला, मग दुसरा. कोणाचं तरी लहान मूल रडायला लागलं, आणि त्याची आई त्याला म्हणत होती की चल, गरम पाण्यानं अंघोळ घालते, चल. डेलानोनं खिशातून चाक काढलं आणि हातात फिरवत राहिला.

"मी हे लावलं तर लोक म्हणतील सूर्याचं पाणी आहे."

"म्हणतील."

"आणि तुम्ही काय म्हणाल?"

"तोंड बंद कसं ठेवायचं ते मी या दोन दिवसांत शिकले आहे."

"मी तुमच्याकडे मागत नाहीये," तो म्हणाला.

"मी देतही नाहीये. चाक तुझ्या खिशात होतं."

त्यानं ते लावलं. पाना दोनदा निसटला. लेविनानं चार मोठे ओंडके एकदम आत ढकलले आणि दार पायानं लावलं. सहापर्यंत ती थांबली नाही. पाणी संपत जाई तसं गार पाणी आत येई, आणि जाळ कमी पडला असता तर शेवटच्या तीस जणांना कोमटसुद्धा मिळालं नसतं. तो लाकडं बाहेरून ओढून आणून वाऱ्याच्या बाजूला रचत होता; ती आत घालत होती. एकमेकांशी एक अक्षर नाही. एकदा तिनं हात पुढं केला आणि त्यानं ओंडका दिला, इतकंच. तिचा एप्रन काळा झाला.

पत्र्याखाली साखळ्या ओढल्या जात होत्या. पहिल्या मिनिटाला आतून कोणीतरी म्हणालं, "अगं, लाल येतंय." मग आंटी वेरोनिका म्हणाली की गप्प बस आणि पाठ चोळ.

ट्रकांनी सगळ्यांना डोंगरापलीकडे नेलं, पण कबरस्तानातही धुक्यामुळं सूर्य दिसलाच नाही, नुसतं पांढरं उजळत गेलं. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, सरळ चकचकीत केसांच्या बायका, चुन्यानं नव्यानं रंगवलेल्या कबरी. ऊम आपोल्सचा वरचा सूर लागला, जरा थरथरला, पण लागला. लेविना मागं, राखेच्या एप्रनातच उभी होती. बावीस वर्षांत अंघोळ न करता ईस्टरला उभी राहणारी तीच एकटी असे, सगळ्यांची होईपर्यंत तिची वेळ टळून जाई म्हणून. या वर्षी तिच्या पलीकडे दुसरा एक माणूस तसाच उभा होता, काळ्या हातांचा. सोफीच्या कबरीपाशी. लेविनानं तिकडे पाहायचं टाळलं.

सोमवारी तंबू उतरले आणि गुंडाळलेल्या कापडांवर बसून बैठक झाली. ब्रदर जुलीसनी सांगितलं की डिसेंबरपासून आजपर्यंत तक्रार एकही नाही, रविवारी पहाटेसुद्धा नाही, देवाच्या कृपेनं आणि ब्रदर पेकरच्या हुशारीनं. टाळी वाजली नाही. लेविनानं आजूबाजूला पाहिलं. बायका नखं बघत होत्या, पुरुष दोर गुंडाळत होते, ऊम आपोल्स तुतारी पुसत होते. तेव्हा तिला उमगलं की लाल पाणी सगळ्यांनी पाहिलंय. सगळ्यांना माहीत आहे. सगळे नुसते वाट बघतायत की पेकरचं पोरगं काय करतंय.

तिनंही मान खाली घातली. आता तो ते श्रेय पदरात घेईल, तिला वाटलं, आणि घेऊ दे. तिनं वचन दिलं नव्हतं, पण बोलणार नव्हती.

डेलानो उठला.

"रविवारचं पाणी माझं नव्हतं," तो म्हणाला. "बंबाचं होतं. माझ्या टाक्या शनिवारीच रिकाम्या झाल्या, कारण ईस्टरच्या शनिवारी इथं केस धुतात हे मला माहीत नव्हतं. मी विचारलं होतं. आंटी लेविनाला माहीत होतं आणि त्यांनी सांगितलं नाही. हे दोन्ही लिहून घ्या. एकच नको."

लेविनाच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. त्यानं तिला वाचवलं होतं आणि त्याच वाक्यात गावासमोर उघडं पाडलं होतं, आणि दोन्ही मुद्दाम.

आंटी वेरोनिका म्हणाली, "म्हणजे आमची डोकी आता कमिटीच्या कागदावर जाणार?" त्यावर हशा झाला, पण सगळे हसले नाहीत. लहान मूल घेतलेली ती बाई लेविनाकडे टक लावून बघत होती. माझ्या पोराला गार पाण्यात घातलं असतं का तू, असं त्या बघण्यात होतं. लेविनाकडे त्याचं उत्तर होतं, आणि ते ऐकण्यासारखं नव्हतं.

ब्रदर जुलीस म्हणाले की सिस्टर लेविनानं माफी मागावी. ती उभी राहिली. छावणीकडे बघून म्हणाली की चुकलं माझं, तुमच्याशी असं वागायला नको होतं. डेलानोकडे न बघता बसली. कोणीतरी म्हणालं, त्याची पण माग. ती म्हणाली, "त्यानं मागितली नाही."

मग बराच वेळ वाद. कोणी म्हणालं, बायकांनी शुक्रवारी केस धुवावेत. त्याला त्याच्या बायकोनं सगळ्यांदेखत खाली बसवलं. कोणी म्हणालं, तिसरी टाकी आणा. डेलानो म्हणाला, एप्रिलातल्या उन्हात तिसरी टाकी तापणारच नाही. ज्या दिवशी पाणी दोनदा लागतं त्या दिवशी बंब पेटवावाच लागेल. आणि तो दिवस कोणता, हे काट्याला कळत नाही. रोज दुपारी शिडी चढून काटा बघून, उद्या कोण काय धुणार आहे हे ओळखून ठरवणारं माणूस पाहिजे. "असं माणूस इथं एकच आहे," तो म्हणाला. "मला ते आवडत नाही. पण एकच आहे."

तसं ठरलं. बंब राहिला, लेविना राहिली. एक अट: पहिलं सबंध वर्ष, छावणी असेल तेव्हा, तिनं रोज तीन वाजता काट्याचा आकडा डेलानोला, तो जिथं कामावर असेल तिथं, फोनवर कळवायचा. ब्रदर जुलीसना वाटलं असावं की यातून दोघांचं मन जुळेल. ब्रदर जुलीस भला माणूस आहे.

पुढच्या डिसेंबरात ती रोज तीनला शिडी चढली. गुडघे कुरकुरत, पत्रा तापलेला असे, आणि दर पायरीला ती पेकर घराण्याचा उद्धार करी. वर गेली की फोन लावी. "एकसष्ट," म्हणे आणि बंद करी. दुसऱ्या दिवशी, "साठ." तो कधीकधी "ठीक" म्हणायचा, पण ते तिच्यापर्यंत अर्धंच पोचे. अठरा दिवस असे गेले. एकोणिसाव्या दिवशी ढग होते, त्या दिवशी तिनं आकडा जरा चवीनं सांगितला. "सत्तेचाळीस, मिस्टर पेकर."

तेवीस तारखेला, शुक्रवारी, तिनं आकडा सांगितला आणि फोन बंद केला नाही.

"काय?" तो म्हणाला.

"उद्या शनिवार. परवा ख्रिसमस."

"मग?"

"मग केस. दुपारी दोनलाच बंब धरते. तुझ्या टाक्या पहाटेसाठी राहू देते. नंतर म्हणशील सांगितलं नाही."

पलीकडे पान्यांचा पट्टा खळखळला. तिला वाटलं तो फोन ठेवतोय. ती कानाचा फोन काढणार, तेवढ्यात तो म्हणाला, "माझ्या आईचे कोण धुवायचं? शेवटी. तिला हात वर करवत नसताना."

लेविना तापलेल्या पत्र्यावर उभी होती. खाली फ्रेडरिक्सांचं कोणीतरी त्यांच्या दोरावरून भांडत होतं.

"मी," ती म्हणाली. "सगळ्यांचं झाल्यावर. गुडघ्यापर्यंत होते, दोन घागरी लागायच्या." आणि मग, कारण तेवढ्यावर ठेवणं तिला जमेना, "उद्या काच पुसायला ये. वाळूनं भरली आहे. हे माझं काम नाही."

फोन बंद करून ती उलटी, एकेक पायरी, खाली उतरली आणि लाकडं ओढायला गेली.